देवयानी लहान नाही, अंधुक आहे

पत्र असं आलंय:

«दादा, मी २६ वर्षांची, डिचोलीच्या बाजूच्या एका गावात राहते, औषधाच्या कंपनीत शिफ्टला जाते. चवथीच्या बोनसमधून सेकंडहँड डीएसएलआर घेतला, सोबत १८-५५ आणि ५५-२५० मिलीमीटर अशा दोन झूम लेन्स मिळाल्या. मला दीर्घिकांचे (गॅलक्सींचे) फोटो काढायचेत, शाळेत असताना कोणीतरी दुर्बिणीतून शनी दाखवला होता तेव्हापासूनचं वेड आहे. पाऊस गेल्यावर गच्चीवरून देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिकेचा फोटो काढला, १८-५५ लेन्स ५५ वर ठेवून, शटर ३० सेकंद उघडं, तर नारिंगी आभाळात एक करडा डाग तेवढा आला. फोटो जोडलाय. मित्र म्हणतो टेलिस्कोप घेतल्याशिवाय काही होणार नाही, त्याने ऑनलाईन एक दाखवला, ५२५ पट मोठं दिसतं म्हणे, ईएमआयवर मिळतो. मामा म्हणतो नेटवर हबल या अंतराळातल्या दुर्बिणीचे फोटो फुकट पडलेत, तू डास चावून घेत कशाला बसतेस. बाबांना रात्रीचं बाहेर जाणं पसंत नाही. मैत्रिणी म्हणतात मोरजीच्या बीचवर जाऊ, तिथे काळोख असतो. टेलिस्कोप घेऊ का हे सोडूनच देऊ?»

बाय, टेलिस्कोप घेऊ नकोस आणि सोडूही नकोस. सगळ्यात आधी मी तुझा फोटो मोठा करून बघितला आणि त्यात तुला न दिसलेलं काहीतरी मला दिसलं, तिथूनच सुरू करतो.

तुझ्या फोटोत तारे छोट्या रेघा झालेत, ते होणारच होतं, का ते पुढे सांगतो. तो करडा डाग म्हणजे देवयानी दीर्घिकेचा मधला भाग. आता कॉम्प्युटरवर फोटो शंभर टक्क्यांवर मोठा कर आणि डागाच्या मध्यापासून साधारण शंभर पिक्सेल अंतरावर बघ, तिथे एक रेघ आहे जी बाकीच्या ताऱ्यांच्या रेघांपेक्षा जरा जाड आणि कडेला मऊ आहे, खडूची रेघ बोटाने पुसल्यासारखी. तो तारा नाहीये. ती एम ३२, देवयानीभोवती फिरणारी वेगळी, छोटी दीर्घिका. म्हणजे पहिल्याच फोटोत, चुकीच्या लेन्सने, हलत्या आभाळात, डिचोलीच्या गच्चीवरून तू दोन दीर्घिका पकडल्यास. मी ते बघून खुर्चीतून उठून बायकोला बोलावलं होतं, खरंच सांगतो.

आता टेलिस्कोपचं. बहुतेक सगळ्यांचा एकच गैरसमज असतो आणि तुझ्या मित्राचाही तोच आहे, की दीर्घिका दिसत नाही कारण ती लांब आहे म्हणून बारीक दिसते, म्हणून ती मोठी करून बघायला हवी. देवयानी लांब आहेच, प्रकाशाला आपल्यापर्यंत यायला जवळपास २५ लाख वर्षं लागतात, पण ती बारीक नाहीये गं. आभाळात तिची लांबी साधारण ३ अंश आहे, म्हणजे पौर्णिमेचे सहा चंद्र एकाला एक लावून ठेवले तर जेवढी जागा लागेल तेवढी! डोळ्याला मिळतो फक्त मधला उजळ ठिपका, बाकीचा पसारा इतका फिका आहे की तो आभाळाच्या उजेडात बुडून जातो. तिला मोठं करायची गरजच नाही. तुला हवाय तो जास्त प्रकाश, आणि कॅमेऱ्याने तो गोळा करायला लागतो वेळ. ५२५ पट मोठा दाखवणारा तो टेलिस्कोप देवयानीचा फक्त मधला पांढुरका भाग दाखवेल, तोही थरथरत, कारण अशा टेलिस्कोपचं स्टँड फुंकर मारली तरी हलतं. आणि एक हिशोब लक्षात ठेव, टेलिस्कोपचं भिंग जितके मिलीमीटर रुंद त्याच्या दुपटीपर्यंतच मोठं करण्यात काही अर्थ असतो. ७० मिलीमीटरचं भिंग असेल तर १४० पट, बस. जिथे ५२५ पट लिहिलेलं असतं तिथे पैसे देऊ नयेत, ईएमआयवर तर नाहीच नाही. मी स्वतः २००३ साली असाच एक घेतला होता, दुकानदाराने गोड बोलून गळ्यात मारला, तीन महिन्यांत गिअर घासले आणि तो अजून माळ्यावर पडलाय. ते पैसे गेल्याचं दुःख मला आजही आहे, कारण तेवढ्यात तेव्हा चांगली लेन्स आली असती.

तुझ्याकडे आत्ता जे आहे त्यात काय होईल ते बघ. तू १८-५५ लेन्स ५५ वर लावलीस, तिथे तिचं तोंड जास्तीत जास्त एफ ५.६ पर्यंतच उघडतं. तुझी दुसरी लेन्स ५५-२५० आहे, ती ५५ वरच ठेवली तर एफ ४ उघडते (एफचा आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं). फोटोचा आवाका तोच, पण प्रकाश दुप्पट, आणि तोही फुकट, लेन्स बदलायची तेवढी. हे बहुतेक कोणी सांगत नाही कारण सगळ्यांना वाटतं ५५-२५० म्हणजे २५० वर ओढायसाठीच असते.

शटर ३० सेकंद नको. पृथ्वी फिरते म्हणून तारे सरकतात, ५५ च्या लेन्सने साध्या ट्रायपॉडवर ४ सेकंदांच्या वर गेलीस की रेघा सुरू झाल्या. ४ सेकंदात काय येणार असं वाटेल, एका फोटोत काहीच येत नाही, तुझ्या ३० सेकंदांपेक्षाही वाईट दिसेल, घाबरू नको. असे ९०० फोटो काढायचे. ९०० गुणिले ४ म्हणजे एक तास. मग हे सगळे एकावर एक बसवायचे, त्याला स्टॅकिंग म्हणतात, डीप स्काय स्टॅकर किंवा सिरिल ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात, ती प्रत्येक फोटोतले तारे ओळखून फोटो फिरवून सरकवून बरोबर जुळवतात. दीर्घिका प्रत्येक फोटोत त्याच जागी असते म्हणून ती टिकते, आणि कॅमेऱ्याचा दाणेदार कचरा प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी असतो म्हणून तो एकमेकांत विरून जातो. हिशोब वर्गमुळाचा आहे, १०० फोटो जोडले तर फोटो १० पट स्वच्छ, ९०० जोडले तर ३० पट. हे असंही बघ, की पहिल्या शंभरात जेवढा फरक पडतो तेवढा नंतरच्या शंभरात पडत नाही, म्हणून एका रात्रीत कंटाळा आला तर दोन-तीन रात्रींचे फोटो एकत्र जोडले तरी चालतं. शिफ्टवाल्या माणसाला हे फार सोयीचं आहे.

कॅमेऱ्यात रॉ फॉरमॅट लाव, म्हणजे सेन्सरवरची कच्ची फाईल मिळते, जेपीईजी नको, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, १६०० पुरे, तू ६४०० लावलेलास त्याने आभाळ नारिंगी होऊन उतू गेलंय. कॅमेऱ्यात लाँग एक्सपोजर नॉईज रिडक्शन नावाचं एक बटण असतं ते बंद कर, नाहीतर अर्धी रात्र कॅमेरा स्वतःशीच विचार करत बसतो. टायमरवाला रिमोट मिळतो, स्वस्तात, तो घे म्हणजे ९०० वेळा बोट दाबायला नको. आणि शटरची मोजणी बघून घे, सेकंडहँड आहे ना, साध्या डीएसएलआरचं शटर साधारण १ लाख क्लिकच्या हिशोबाने बनवलेलं असतं, रात्रीला ९०० म्हणजे ते शंभरेक रात्री पुरेल. तू कधी ना कधी ट्रॅकरवर, म्हणजे कॅमेरा आभाळाबरोबर फिरवणाऱ्या यंत्रावर, जाशीलच, तोवर काही होत नाही.

फोकसवर जरा जास्त लिहितो कारण दहातले आठ फोटो तिथेच मरतात आणि तुझ्याही फोटोत तारे जरासे फुगलेत. ऑटोफोकस बंद. लाइव्ह व्ह्यू चालू करून एखादा ठळक तारा स्क्रीनच्या मध्यात आण आणि स्क्रीनवर १० पट झूम कर. तारा आधी बटाट्याएवढा दिसेल, फोकसची रिंग अगदी सावकाश फिरव, तो आवळत आवळत सुईच्या टोकाएवढा होईल, मग थोडी पुढे जाऊ दे म्हणजे तो परत फुगायला लागेल, मग मागे ये. असं दोन-तीन वेळा कर, हाताला जागा कळते. ती जागा मिळाली की रिंगला चिकटपट्टी लाव, साधी, वह्यांना लावतात ती, कारण लेन्स वर आभाळाकडे रोखली की रिंग आपल्याच वजनाने घसरते आणि तुला तासाभराने कळतं. झूमच्या रिंगलाही लाव. मी लग्नातसुद्धा खिशात चिकटपट्टी घेऊनच फिरतो ती यामुळेच.

आता आपल्या गोव्याचा खरा शत्रू, दव. डिसेंबर-जानेवारीत तुमच्याकडे डिचोली-साखळीला रात्री कपडे बाहेर राहिले तर सकाळी पिळून पाणी निघतं, ते सगळं लेन्सवरही पडतं. होतं कसं, तू मजेत बसलेली असतेस आणि तिकडे ताऱ्यांभोवती हळूहळू मऊ वर्तुळं दिसायला लागतात, तुला वाटतं पातळ ढग आला, टॉर्च मारून बघितलं तर लेन्सच्या काचेवर धुकं. रुमालाने पुसू नकोस, काचेवर बारीक ओरखडे पडतात आणि दोन मिनिटांत परत दव येतं. लेन्सला गुंडाळायचा हीटर मिळतो, पॉवरबँकवर चालतो, तो सुरुवातीपासून मंद चालू ठेवायचा, दव आल्यावर लावून उपयोग नाही. आणि एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट गच्चीवर आणू नको, थंड काचेवर आपली दमट हवा बसली की क्षणात पाणी होतं, तास-दीड तास आधी एसी नसलेल्या खोलीत काढून ठेव.

पावसाळ्याचं तर आताच सांगून ठेवतो, जूनमध्ये तुला आठवण राहणार नाही. माझी एक २०० मिलीमीटरची लेन्स होती, चांगली जुनी, चामड्याच्या कव्हरात घालून लाकडी कपाटात ठेवली, चार महिन्यांनी काढली तर आत कोळिष्टकासारखे धागे पसरलेले. बुरशी. साफ करून घेतली पण काचेवरचा थर खाल्लेला होता तो परत येत नाही. तेव्हापासून रबरी कडेचा हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि दोनशे-तीनशे रुपयांचं छोटं आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. निळं सिलिका जेल गुलाबी झालं की गरम करून परत निळं करायचं, फक्त स्वयंपाकाच्या कढईत नको, ते विषारी असतं, त्यासाठी वेगळा पत्र्याचा डबा ठेव. तांदळात कॅमेरा ठेवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नको, तांदळाची पूड लेन्समध्ये जाते.

कुठून काढायचं याचं. मोरजीला नको. आधी कारण ऐक आणि मैत्रिणींनाही सांग. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग, या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं थंडीच्या दिवसांत अंडी घालायला येतात, नेमका आपला फोटोंचा हंगाम. पिल्लं वाळूतून बाहेर आली की जिकडे उजेड जास्त तिकडे चालायला लागतात, कारण त्यांच्या हिशोबाने रात्री उजेड म्हणजे समुद्र. आपली एक टॉर्च, मोबाईलची स्क्रीनसुद्धा, त्यांना उलट्या दिशेने रस्त्याकडे नेते. वनखातं घरट्यांना कुंपण घालून राखतं, तिथे आपण दिवे घेऊन जायचं नाही म्हणजे नाही. आणि फोटोच्या दृष्टीनेही तिथे काही मिळत नाही, मागे शॅकचे दिवे, समोर बोटींचे दिवे, हवेत मीठ, दुसऱ्या दिवशी लेन्स चिकट.

तुझी गच्चीच बरी आहे, मनापासून सांगतो. नकाशा डोळ्यासमोर आण. डिचोलीहून म्हापसा पश्चिमेला, पणजी नैऋत्येला, मोपाच्या विमानतळाचा उजेड वायव्येला. पण बरोबर उत्तरेला दोडामार्ग-तिळारीचं रान आणि पूर्वेला सत्तरी, त्या दोन्ही बाजू गोव्याच्या मानाने काळ्या. आणि देवयानी गोव्यातून कुठे दिसते? उत्तरेला. आपण १५.५ अंश अक्षांशावर आणि ती आभाळाच्या अक्षांशाने उत्तरेला ४१ अंशांवर, त्यामुळे ती जेव्हा सगळ्यात वर असते तेव्हा उत्तरेकडे तोंड करून साधारण ६४ अंश वर बघायचं, म्हणजे तुमच्याकडच्या काळ्या बाजूलाच. नोव्हेंबरच्या मध्याला ती रात्री पावणेदहाच्या सुमारास तिथे पोचते आणि दर महिन्याला दोन तास लवकर येते, डिसेंबरच्या मध्याला पावणेआठलाच वर असते. तुझी सेकंड शिफ्ट अकराला सुटली, घरी येऊन जेवून साडेबाराला गच्चीवर गेलीस तरी नोव्हेंबरात ती ४५ अंशांवर असतेच, तासभर काम आरामात होतं. मे महिन्यात हे जमणार नाही, जानेवारी संपेपर्यंत उरकून घे.

शोधायची अशी. महाश्व या तारकासमूहाचा मोठा चौकोन बघ, त्याच्या ईशान्येच्या कोपऱ्यातल्या ताऱ्यापासून ताऱ्यांची एक ओळ निघते, दुसरा ठळक तारा गाठायचा, तिथून शर्मिष्ठा तारकासमूहाच्या दिशेने वळून दोन फिके तारे मोजायचे, दुसऱ्याच्या बाजूलाच ती. मोबाईलवर स्टेलॅरियम हे ताऱ्यांच्या नकाशाचं अॅप टाक, पण स्क्रीन लाल करून वापर, पांढरा उजेड डोळ्यात गेला की अंधाराला सरावायला परत वीस-पंचवीस मिनिटं जातात. साध्या ट्रायपॉडवर ती हळूहळू फ्रेमच्या कडेकडे सरकत जाते, दर पंधरा-वीस मिनिटांनी परत मध्यात आणायची आणि पुढे चालू. त्या सरकण्याचा फायदाच होतो, सेन्सरवरचे बिघडलेले ठिपके एका जागी साचत नाहीत.

रात्र निवडताना चंद्र बघ, कृष्ण अष्टमीनंतरपासून अमावास्येनंतरच्या चार-पाच दिवसांपर्यंत. दिवाळीची अमावास्या तारखेने सगळ्यात सोयीची वाटते पण आपल्याकडे नरकासुराच्या रात्री गावोगावी फोकस आणि स्पीकर आणि वर धूर, त्या रात्री झोपून घे आणि पुढची, कार्तिकाची अमावास्या पकड. आणि एक गंमत अशी की आपल्याकडे लाईट जाते त्याचा सगळ्यांना राग येतो, पण तुझ्या वाड्यावरची लाईट गेली की काम टाकून आधी गच्चीवर पळ. मागे आमच्याकडे वादळी पावसानंतर रात्रभर लाईट नव्हती, दोननंतर आभाळ धुऊन निघालं आणि एरवी अर्धे न दिसणारे तारे माडांच्या झावळ्यांतून खाली आल्यासारखे दिसत होते, मी पहाटेपर्यंत बसून होतो आणि त्या रात्रीचा फोटो माझ्या दुकानात लावलेला आहे.

चोर्ला घाटावर नंतर जा, ते साधारण ८०० मीटर उंच आहे, खालची दमट हवा आणि धुरळा खाली राहतो. पण एकटी नाही आणि अंधारात गाडी चालवत पहिल्यांदा नाही, दिवसा जाऊन जागा बघून ये. बाबांचं म्हणणं मी तोडणार नाही, त्यांची काळजी बरोबर आहे आणि रात्री रस्त्याकडेला एकटं कोणीच बसू नये, मीही बसत नाही. पणजीत असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अॅस्ट्रॉनॉमी ही संस्था आहे, इतकी वर्षं लोकांना दुर्बिणीतून आकाश दाखवत आलेली, त्यांच्याशी ओळख काढ, अशा लोकांबरोबर गटाने गेलं की घरच्यांचीही काळजी कमी होते आणि एका रात्रीत शिकायला मिळतं ते सहा महिने व्हिडिओ बघून मिळत नाही. आणि बाबांना आधी तुमच्याच गच्चीवर बोलव, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर तो डाग दाखव आणि मग बोट करून आभाळात ती जागा दाखव, काही सांगू नकोस, त्यांना उभं राहून बघू दे.

मामांचं उरलं. हबलचे फोटो आहेतच, मीही तासन् तास बघतो. पण देवयानीचा तो भोवऱ्यासारखा आकार पहिल्यांदा फोटोत कोणी पकडला तर आयझॅक रॉबर्ट्स नावाच्या इंग्लंडमधल्या एका बांधकाम व्यावसायिकाने, १८८८ साली, स्वतःच्या पैशाने उभारलेल्या दुर्बिणीतून. तेव्हा तर ती आपल्याच आकाशगंगेतला ढग आहे असं बरेच जण मानत होते, ती बाहेरची वेगळी दीर्घिका आहे हे हबल या माणसाने १९२३ मध्ये तिच्यातला एक तारा मोजून दाखवलं. आणि हे जुनं झालं म्हणावं तर जानेवारी २०२३ मध्ये फ्रान्स-जर्मनीच्या हौशी मंडळींनी देवयानीच्या शेजारी ऑक्सिजनच्या प्रकाशात चमकणारी एक प्रचंड कमान दाखवून दिली, जी जगातल्या एवढ्या दुर्बिणींतून कोणालाच दिसली नव्हती, कारण एवढ्या जागेवर एवढे तास कोणी दिलेच नव्हते. त्याच वर्षी मे महिन्यात जपानच्या कोइची इतागाकी या हौशी निरीक्षकाला एम १०१ या दीर्घिकेत नवा सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट होणारा तारा, सापडला. हे मामांना हरवायला सांगत नाही गं, त्यांनी तुझ्या काळजीनेच म्हटलं असेल. पण हबलच्या फोटोतला प्रकाश हबलच्या आरशावर पडला होता. तुझ्या रॉ फाईलमध्ये जो आहे तो २५ लाख वर्षं चालून तुमच्या गच्चीवर उतरला, आणि तू शटर उघडलं नसतंस तर तो कौलांवर पडून संपला असता. मला हा फरक फार मोठा वाटतो, आणि तुलाही वाटतो म्हणूनच तू डास चावून घेत बसलीस.

पैसे खर्च करायचेच असतील तर क्रम सांगतो. आधी दवाचा हीटर आणि रिमोट. मग सेकंडहँड ५० मिलीमीटर एफ १.८ लेन्स, ती एफ २.८ वर वापरायची, पूर्ण उघडली तर कडेचे तारे पक्ष्यासारखे पंख पसरतात. मग ट्रॅकर, म्हणजे पृथ्वीच्या उलट फिरून कॅमेरा आभाळाबरोबर नेणारं यंत्र, ते आलं की ४ सेकंदांच्या जागी एक-दोन मिनिटांचे फोटो आणि ५५-२५० लेन्स खरोखर २५० वर वापरता येते. ते आलं की मार्च-एप्रिलमध्ये सिंहेतल्या तीन दीर्घिका आणि कन्येतला दीर्घिकांचा थवा, जो आपल्याकडे बरोबर डोक्यावर येतो, अगदी डोक्यावर, जिथे हवा सगळ्यात पातळ आणि उजेडाची घाण सगळ्यात कमी. आणि दक्षिणेला नरतुरंग तारकासमूहातली सेंटॉरस ए ही दीर्घिका, ती युरोपातल्या बहुतेकांना दिसतच नाही आणि आपल्याकडे ३० अंशांच्या वर येते. गोव्याचं आभाळ दमट आहे, पण जागा मोक्याची आहे!

ट्रॅकरला पैसे जमेपर्यंत घरीच एक बनवता येतो, मी माझा पहिला तसाच केला. दोन फळ्या, एका कडेला दाराची बिजागरी, दुसऱ्या कडेला एक एम ६ चा बोल्ट, ज्याचा आटा १ मिलीमीटरचा असतो, म्हणजे एका फेऱ्याला तो १ मिलीमीटर सरकतो. बोल्ट मिनिटाला एक फेरा या वेगाने हाताने फिरवत राहायचा, घड्याळाच्या सेकंदकाट्याबरोबर, म्हणजे कॅमेरा बसवलेली वरची फळी आभाळाच्याच वेगाने उघडते. यात अचूक लागतं एकच माप, बिजागरीपासून बोल्टपर्यंतचं अंतर २२८.५ मिलीमीटर. बिजागरी ध्रुवाकडे रोखायची, आणि आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून फक्त साडेपंधरा अंश वर, हात लांब करून मूठ धरली तर दीड मूठ, म्हणून फळी जवळजवळ आडवी बसते. युरोप-अमेरिकेतल्या माणसाचा व्हिडिओ बघून तिरकी बनवलीस तर ती चुकेल. तुमच्या गच्चीवरून उत्तरेला दीड मूठ उंचीवर माड आड येतो का ते आजच बघ, येत असेल तर अंगण, नाहीतर शेजाऱ्यांची गच्ची.

स्टॅक झाल्यावर फोटो उजळताना आभाळ पूर्ण काळं करू नको, देवयानीच्या कडा त्याच करड्या रंगात लपलेल्या असतात, आभाळ काळं केलं की त्या गेल्या. बघायचं काय तर एम ३२ च्या दुसऱ्या बाजूला, जरा लांब, एक फिका लांबट ठिपका येतो का, ती एम ११०, तिसरी दीर्घिका. ती आली की तुझा तास बरोबर गेला. नाही आली तर मला स्टॅक केलेली फाईल आणि त्यातल्या कुठल्याही पाच रॉ पाठव, कुठे अडलंय ते बघून सांगतो. आणि मेस्ताकडे, म्हणजे सुताराकडे, फळ्या घेऊन जाशील तेव्हा २२८.५ हे माप कागदावर लिहून दे, तोंडी सांगितलंस तर तो ते सोयीने २३० करून टाकतो, माझं तेच झालं होतं.